सुईणींचं कॅलेंडर

केत्सालतेनांगो शहरात मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या आमच्या छोट्या ऑफिसात एलुव्हिया त्सोक आणि मी शेजारी बसायचो. तोतोनिकापानच्या सुईणींच्या मंडळाला मोबाइलवरचं कॅलेंडर हवं होतं. ते काम एलुव्हियाने हट्टाने मागून घेतलं. मंडळाच्या प्रमुख नान कातारिना (तिकडे थोरल्या बाईला आदराने 'नान' म्हणतात) यांच्याच हातून तिचा जन्म झाला होता.

पहिल्या खेपेला तिने दिवसाच्या प्रत्येक चौकोनात सगळं कोंबलं: तारीख, चंद्राची कला, त्या दिवसाच्या पाठीराख्याची, म्हणजे नवालाची खूण, गरोदर बायकांची नावं, कितवा महिना, दवाखान्याची वेळ.

नान कातारिनांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "पोरी, हे कॅलेंडर आहे की मुंग्यांचं वारूळ?"

एलुव्हियाने सगळं काढून टाकलं. चौकोनात फक्त तारीख उरली.

"आता घरच रिकामं केलंस. माणसं कुठे गेली?"

"नान, तुम्हाला काहीच कसं पटत नाही!"

"पटेल की. तूसुद्धा पहिल्या कळेला आली नव्हतीस."

भोवतीच्या सुईणी खो खो हसल्या. एलुव्हिया मात्र परतीच्या बसमध्ये पुन्हा चौकोन आखत बसली.

तिसऱ्या खेपेला तिने चौकोनात तारखेजवळ नवालाची खूण ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येक बाळासाठी एक ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की आईची सगळी माहिती उघडायची. सुईणींनी आठवून आठवून सांगितलेले जुने जन्मही तिने त्यात भरले होते.

मंडळाच्या खोलीत आम्ही ते प्रोजेक्टरने पांढऱ्या भिंतीवर दाखवत होतो. महिना लहान करायला म्हणून एलुव्हियाने बोटं चिमटीत आणली, ती जरा जास्तच. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाशेजारी वर्षं आली. अक्षरं बारीक होऊन दिसेनाशी झाली, चौकोनांच्या रेघा विरल्या. उरले ते ठिपके. भिंतभर, छतापर्यंत.

एलुव्हिया ते मागे घ्यायला गेली. मी तिचा हात धरला.

नान कातारिना उठून भिंतीपाशी गेल्या. ठिपके त्यांच्या विणलेल्या पोलक्यावर, सुरकुतल्या हातांवर पडले. त्यांनी तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"एवढी सगळी या हातांतून गेली?"

"तुमच्या आणि या सगळ्यांच्या," एलुव्हिया म्हणाली.

मागून एका तरुण सुईणीने हळूच विचारलं, "आणि जी राहिली नाहीत ती?"

"तीही आहेत. सगळ्यांचे ठिपके सारखेच ठेवलेत."

कुणीतरी त्यांच्या किचे भाषेत प्रार्थना पुटपुटू लागलं. एकेक करत सगळ्याच उभ्या राहिल्या. आपण रोज चौकोन आखतो, त्यांच्यामागे एवढं मोठं आकाश असतं हे मला तोवर कळलंच नव्हतं.

"हे राहू दे," नान कातारिना म्हणाल्या, "एक ठिपकासुद्धा हलवू नकोस." मग डोळे पुसून त्या मागे वळल्या. "पण चंद्र कुठे गेला गं? चंद्राशिवाय आम्ही बाळंतपणं करायची कशी?"