करवतीची मूठ

आईचा बाबांवरचा राग बाबा गेल्यावरही शिल्लक राहिला. पहिलं बाळ गेलं तेव्हा तिनेच आकांत करून म्हटलं होतं, तो पाळणा माझ्यासमोर नको, जाळून टाका. नवरा हाडाचा सुतार, पाळणा त्याच्याच हातचा. संध्याकाळी त्याने सांगितलं, जाळला. पुढे जरा भानावर आल्यावर तिला पाळण्याची निदान एखादी पट्टी तरी हवी होती. तेव्हापासून तिने त्याला जन्मभर धारेवर धरलं आणि बाबा मूग गिळून बसले.

ठकी ही त्यांची नंतरची मुलगी. तिची नोकरी संग्रहालयात, जुन्या हत्यारांचं लाकूड ओळखायची. कुणाच्या पणजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा कशाचा, हे ती सांगायची. बाबांच्या करवतीची काळीकुळकुळीत मूठ मात्र तिने नुसत्या नजरेनेच शिसवीत जमा करून टाकली होती. घरच्या वस्तूला कोण भिंग लावत बसतं?

आता बाबांची हत्यारं संग्रहालयाला द्यायची ठरली. तिथल्या शिस्तीप्रमाणे तिने पात्याने मुठीच्या टोकाचा पातळ काप काढला. आत पिवळंधमक लाकूड निघालं. काळेपणा सगळा घामाचा आणि तेलाचा होता. भिंगाखाली प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या कडेला मोठ्या छिद्रांची रांग दिसत होती. तुती. करवतीच्या मुठीसाठी तुती कोण मुद्दाम शोधून आणेल? ठकी चरकली.

ती स्वयंपाकघरात गेली. आई भाजी निवडत होती.

"आई, पाळणा कशाचा होता गं?"

"परसातल्या तुतीचा. आता कशाला ते उकरून काढतेस?"

ठकीने मूठ तिच्या हातात ठेवली आणि काप दाखवला. मुठीच्या बगलेत एक भोक खुंटी ठोकून बुजवलेलं होतं. आईचं बोट त्यावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"इथे मी खुळखुळा अडकवायचे," ती म्हणाली.

"मग बाबांनी सांगितलं का नाही?"

"सांगतील कधी? विषय निघाला की मी उठून जायचे."

ठकीचा जीव तुटला. बाबा होते तेव्हा हा काप घेतला असता तर! दोन मिनिटांचं काम, आणि तिच्या हाताला कधी सवड झाली नाही.

आई मूठ सोडायला तयार नव्हती.

"दगड म्हणायचे मी त्यांना," ती म्हणाली. "जेवायला वाढताना म्हणायचे. तुझ्यासमोर म्हणायचे."