मामांचा उजवा पाय

गाडी विकायची, असे मामांनी जाहीर केल्यापासून मामी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलत होत्या. कंबरेच्या दुखण्यामुळे त्यांना फार चालवत नसे. संध्याकाळी मामांच्या शेजारी बसून तळ्यापर्यंत जाऊन येणे, हेच त्यांचे बाहेरचे जग होते. नवऱ्याला आपला कंटाळा आला, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

विकण्याआधी तपासून घ्यावी म्हणून मामा-मामी गाडी घेऊन भाच्याच्या गॅरेजवर आले. त्याने ती स्वतः आत घेतली आणि ब्रेक दाबताच थबकला.

"मामा, ब्रेक कधीपासून एवढा जड आहे?"

"ब्रेक बरा आहे रे." मामा जमिनीकडे पाहू लागले. "माझ्याच पायातलं बळ गेलंय. परवा चौकात गाडी थांबता थांबेना. ही शेजारी बसलेली."

मामी मामांकडे वळल्या. "म्हणून गच्चीवर पाय झाडत होता होय! मला वाटलं, या वयात तालमीची हौस आली."

"मामी, माझाही पाय पुरला नाही." भाच्याने बॉनेट उघडून इंजिनामागचा गोल डबा दाखवला. "हा बूस्टर. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर हा पायाला जोर देतो. आतला पडदा फाटलाय."

"माझं मन राखू नकोस," मामा म्हणाले.

"बदलतो, मग बोला."

भाचा स्टिअरिंगखाली उताणा शिरला. पेडलमागचे नट गंजले होते. त्यांना चार शिव्या देऊन, मामींची माफी मागून त्याने जुना डबा सोडवला. नवा बसवून झाल्यावर मामांना आत बसवले.

"इंजिन बंदच ठेवा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा. आता पाय तसाच ठेवून चावी फिरवा. बूस्टर चालला तर पेडल आपसूक खाली जाईल."

शेजारी बसलेल्या मामींनी वाकून मामांच्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. इंजिन सुरू झाले आणि तो गुडघा त्यांच्या हाताखाली अलगद खाली गेला.

"गेला ना खाली?" भाच्याने विचारले.

"गेला," मामी म्हणाल्या. मग हळूच, "अहो, मला बोलला का नाहीत?"

"तू गाडीत बसलीच नसतीस."

"बसले असते. हळू चालवा म्हणून डोकं खाल्लं असतं, एवढंच."

मामांनी इंजिन बंद केले. "परत एकदा बघू."

मामींनी हात काढला नाही.