देव्हाऱ्याखालचा डबा

दादरहून हार घेऊन आले आणि उंबऱ्यातच वास आला. वाटलं, खाली कुणाची बाइक गळत असेल. मग आत पाहिलं आणि हातातली पिशवी सुटली.

सासूबाई देव्हाऱ्यासमोर पाटावर बसल्या होत्या. मांडीवर हरिद्वारहून आणलेला गंगाजलाचा पांढरा प्लास्टिकचा डबा, झाकण उघडं. तो डबा त्या फुलपात्रावर कलता करत होत्या. वर हातभर अंतरावर नंदादीप तेवत होता.

"आई, थांबा! हलू नका!"

"काय गो ओरडतंस? आज काला. देवाक गंगा घालूक नको?"

सर्दीनं त्यांचं नाक पार चोंदलेलं. वास येणार कसा? मी डबा काढून घेतला. झाकण चार वेळा घसरलं तेव्हा एकदाचं बसलं. गंगा कसली, पेट्रोल होतं ते! फुलपात्रात अजून पडलं नव्हतं, पण आईंच्या मनगटावरून ओघळून पदराचं टोक भिजलं होतं.

"बकुळाताई, गॅस बंद करा! बंद करा आधी!" शेजारी ओरडतच मी डबा गॅलरीच्या पार टोकाला नेऊन ठेवला. परत आले तर आई तशाच बसलेल्या, ओला पदर हातात धरून, दिव्याकडे बघत.

चाळीच्या सप्ताहाचा हा दिवा यंदा आमच्या घरी होता. काल्याचं कीर्तन होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही. आईंचा तसा शब्दच होता. त्यासाठी आठवडाभर त्या खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. खाली मांडवात रघुवीरबुवा रंगायचे आणि ही कीर्तनवेडी बाई वरून टाळांवर मान डोलवायची. आता फक्त संध्याकाळ उरली होती.

"नको गो," त्या पुटपुटल्या. मी काय करणार ते त्यांना कळलं होतं.

दिव्यावर फुंकर घालायची नसते, हे त्या घाईतही आठवलं. पितळी वाटी पालथी घातली. आत ज्योत गेली आणि आई अशा दचकल्या, जणू मी त्यांच्याच तोंडावर हात ठेवला.

त्यांना बाहेर नेलं, लुगडं बदललं, हात साबणानं चोळून धुतले. तोवर धाकटे दीर विक्रांत शीळ घालत जिना चढून आले.

"वहिनी, माझा डबा कुणी बाहेर काढला?"

"तुमचा डबा?"

"जनरेटरचं पेट्रोल आहे त्यात. गेल्या साली ऐन उत्तररंगात लाइट गेली, माइक बंद. बुवांची केवढी फजिती! पंपावर डब्यात देत नाहीत, म्हणून बाइकमधून काढून गंगेच्या एका रिकाम्या डब्यात साठवलं."

"आणि ठेवलंत कुठे? देवाखाली?"

"तिथल्या वस्तूला पारोशानं कुणी हात लावतं का? पोरंसुद्धा नाही लावत. घरातली सगळ्यात सेफ जागा! आणि थोडं ठेवलेलं चालतं कायद्यानं."

"धातूच्या डब्यात, घट्ट झाकणाच्या, विस्तवापासून लांब. मागे फायर ब्रिगेडवाले चाळीत येऊन सांगून गेले, तेव्हा पुढे बसून माना तुम्हीच डोलवत होतात ना? देवाखाली हात घालणारी या घरात एकच बाई आहे, भावोजी. ती आज अंघोळ करून बसली होती."

विक्रांतनी पालथी वाटी पाहिली. मग बाहेर बसलेल्या आईंचे लाल झालेले हात पाहिले. तिथेच भिंतीला टेकले आणि खाली बसले.

"मेल्या," आई एवढंच म्हणाल्या. पण शिवीत जोर नव्हता.

डबा खाली गेला, पेट्रोल उघड्यावर पुन्हा बाइकच्या टाकीत गेलं, जनरेटर जिथला तिथे परत गेला. संध्याकाळी आई मांडवात उतरल्या. राखायला दिवाच नव्हता. बुवांना सगळं सांगितलं, तर त्यांनी आईंना वाकून नमस्कार केला. कीर्तनातल्या कृष्णानं दहीभाताचे गोळे वाटले, सगळा मांडव हसला. आई हसल्या नाहीत. लाइट एकदाही गेली नाही.

आरतीचं तबक विक्रांतच फिरवत होते. आमच्यापुढे आले तशी ज्योत हलली आणि आईंनी दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले. आरतीला हात मागे घेताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, घे ना."

त्या मानेनंच नको म्हणाल्या. विक्रांतनी तबक माझ्याकडे दिलं, स्वतःचे तळवे ज्योतीवर धरले, आणि ते ऊन हात आईंच्या डोक्यावर ठेवले. बराच वेळ ठेवले.