छत्तीस गुणिले चोवीस

मर्सीबाईंच्या चौतीस वर्षांच्या नोकरीतला हा पाचवा अभ्यासक्रम. पहिल्यात पायरी न् पायरी लिहायची होती. दुसऱ्यात समजून घ्यायचं होतं, तिसऱ्यात मुलांनी आपलं आपण शोधायचं होतं, आणि चौथ्यात नेमकं काय करायचं ते तालुक्याच्या ऑफिसलाही शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. बाई दर वेळी नव्या पुस्तकाला नवं कव्हर घालायच्या आणि छत्तीस गुणिले चोवीस पूर्वीसारखंच शिकवायच्या. कुणाची तक्रार नव्हती.

आता हा पाचवा. युसाकसरांनी खोकं फोडलं आणि उभ्याउभ्याच पुस्तक चाळलं. हेडमास्तर झाले तरी बाईंसमोर बसायची त्यांना अजून सवय नव्हती. तिसरीत बाईंनी त्यांचा कान चांगला लाल केला होता.

"बाई, यंदा सहावीला गावचं विणकाम आहे. आणि त्यातली मोजणी, गणिताच्या तासाला. शिकवणारं माणूस गावातलंच हवं म्हणतात."

"मग बोलाव की कुणाला तरी."

"कुणाला तरी कशाला? अडॉल्फिनाताई आहेत ना. सगळ्या तिमोर बेटावरून बायका त्यांचा मागावरचा ताणा बघायला येतात. आणि तुमच्याच विद्यार्थिनी ना त्या? तुमचा शब्द मोडायच्या नाहीत."

बाईंनी कप खाली ठेवला. कॉफी तशीच राहिली.

अडॉल्फिना, म्हणजे तेव्हाची फिना, सहावीत होती तेव्हा बाई चोवीस वर्षांच्या, नव्या कोऱ्या, इस्त्रीचा गणवेश घातलेल्या. वार्षिक परीक्षेत फिनाने छत्तीस गुणिले चोवीस केलं ते बोटं दुमडत, ओठ हलवत. कागदावर नुसतं उत्तर: आठशे चौसष्ट. एक पायरी नाही. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "कुणाचं बघितलंस?" पोर म्हणाली, "कुणाचं नाही बाई, आई सूत मोजते तसं मोजलं." वर्ग हसला. तोंड सुपारीने लाल म्हणून आधी तिला चूळ भरायला पाठवलं, मग भोपळा दिला, आणि वर म्हणाल्या, "सूत मोजणाऱ्यांना गणित येत नसतं." फिना गणितात नापास झाली आणि पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. तिचं घर खालच्या ओढ्यापाशी. बाई बाजाराला जाताना मुद्दाम वरच्या वाटेने जात. लांब पडायचं, पण जात.

आता जायलाच हवं होतं. बाईंनी शाळेच्या शिक्क्याची रीतसर चिठ्ठी तयार केली आणि उतरल्या.

फिना छपराखाली, मागाचा पट्टा कमरेमागे बांधून, विणत बसली होती. हात थांबला नाही.

"बसा बाई. चिठ्ठी? मी कुठली वाचतेय? माझं शिक्षण तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! ठेवा त्या दगडावर."

बाईंनी ठेवली. दोघी थोडा वेळ पावसापाण्याचं बोलल्या. तेवढ्यात डुक्कर आलं आणि शिक्क्यासकट चिठ्ठी खाऊन गेलं. फिनाने बघितलं, पण हाकललं नाही.

घरी आल्यावर बाईंची भावजय कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो वन्सं, मागणं घेऊन गेलात आणि पानाची टोपली नाही नेलीत? एवढ्या शिकलात तरी कशासाठी? डुकरानेच बरं केलं म्हणायचं!"

खरंच होतं. गावात साधा कोंबडा मागायचा तरी आधी पानसुपारीची टोपली पुढे ठेवतात, आणि समोरच्याने उचलली तरच तोंड उघडतात. बाईंना हे लहानपणापासून माहीत होतं. पण शाळेच्या कामाला शाळेची चिठ्ठी, असंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. लाल तोंडाच्या किती पोरांना त्यांनी नळावर पिटाळलं होतं, त्याचा हिशेबच नाही.

दुसऱ्या दिवशी भावजयीची टोपली घेऊन बाई पुन्हा उतरल्या. टोपली फिनासमोर ठेवली आणि गप्प बसल्या. माग थांबला. फिनाने टोपलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग सुपारी उचलली, पानाऐवजी इथे खातात ती पानवेलीची शेंग मोडली, चुना लावला.

"आता तुम्ही."

"मी खात नाही गं."

"मग मीही नाही."

बाईंनी तोंडात टाकली. कान तापले, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. फिना खो खो हसली. "अगं बाई! चूळ भरून या बाई, नळ तिकडे आहे!"

बाईही हसल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या.

"फिना, तू कॉपी केली नव्हतीस. त्याच संध्याकाळी तुझ्या आईला ताणा मोजताना पाहिलं मी. तीही तशीच ओठ हलवत होती. तेव्हाच कळलं मला. दुसऱ्या दिवशी तुला बोलवायला यायला हवं होतं. लाज वाटली, आले नाही. मग एक दिवस गेला, मग वर्ष गेलं."

फिनाने सुपारीची लाल पिंक अंगणात टाकली.

"दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली होती," ती म्हणाली. "दप्तर भरून." मग माग पुढे ओढत म्हणाली, "सोमवारी येईन. पोरींसाठी. तुमच्यासाठी नाही."

सोमवारी ती आली, डोक्यावर मागाच्या काठ्यांची मोळी घेऊन, स्वतः विणलेली ठेवणीतली लुंगी नेसून. सहावीच्या पोरी दाराशी गोळा झाल्या. युसाकसरांनी ऑफिसचा फॉर्म काढला. नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"शिक्षण, ताई?"

"पाचवी."

सरांचा पेन थांबला. "इथं निदान सहावी पास मागितलंय हो."

फिनाने वाकून मागाच्या काठ्या गोळा करायला घेतल्या. "बरं झालं. पुन्हा नापास. निघते मी."

"थांब," मर्सीबाई म्हणाल्या. "जागची हलू नकोस."

त्यांनी मागचं कपाट उघडलं. वाळवीने कडा खाल्लेली जुनी रजिस्टरं एकेक करून खाली काढली. सापडलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात: अडॉल्फिना नोमलेनी, गणित. एका उत्तराच्या भोपळ्याने पोर दोन गुणांनी गेली होती. बाईंनी लाल पेनने जुने गुण खोडले, नवे लिहिले, पास लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली.

"बाई, हे चालेल का?" सर घाबरून म्हणाले.

"पेपर चुकीचा तपासला तर दुरुस्त करायचा असतो. तिसरीत तुला शिकवलंय मी. ऑफिसने विचारलं तर माझं नाव सांग."

रजिस्टर त्यांनी फिनासमोर धरलं. फिनाने ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. तिला वाचता येतच होतं. वाचून झाल्यावर मान वर केली.

"बाई, नुसतं उत्तर? पायऱ्या कुठायत?"

पोरी फिदीफिदी हसल्या. बाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्या पुढच्या बाकावर, पोरांच्या जागी, गुडघे मुडपून बसल्या आणि रजिस्टरच्या समासावर पेन टेकवला.

"सांग. लिहिते."

"छत्तीस दोऱ्यांची एक जुडी. दुप्पट केली, बहात्तर. पहिली गाठ. त्याची दुप्पट, एकशे चव्वेचाळीस. दुसरी. मग दोनशे अठ्ठ्याऐंशी, या झाल्या आठ जुड्या. मग पाचशे शहात्तर, या सोळा. आठ आणि सोळा, चोवीस जुड्या झाल्या. म्हणून शेवटच्या दोन गाठी एकत्र बांधायच्या."

बाईंनी बेरीज केली. आठशे चौसष्ट. सवयीने खूण करायला हात उचलला, मग तो तसाच थांबला, आणि त्यांनी लाल पेन फिनाकडे दिला.

फिनाने आधी वरपासून खालपर्यंत सगळं तपासलं. मगच बरोबरची खूण केली.