ड्रायव्हरकाकांचं पुढचं वाक्य

मी एक जुना कॉलरमाईक आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. मैत्रीबित्री काही उरलेली नाही आपल्यात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नखाएवढा जीव, डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी, पाठीला चिमटा आणि मागे ही लांबलचक वायर. सुरुवातीला मी एका निवेदकाच्या कोटावर असायचो. "काय स्वच्छ आवाज पकडतो हा!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. पुढे बिनवायरचे माईक आले आणि मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं. तुम्ही माझी टोपी हरवलीत, वायर चावलीत, मला खडूंच्या डब्यात कोंबलंत. तेही गिळलं मी. पण त्या एका मिनिटाच्या व्हिडिओबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही.

सरांनी वर्गाला काम दिलं होतं. शाळेसाठी राबणाऱ्या एका माणसावर व्हिडिओ करायचा. आधी कागदावर चौकोन आखून कशानंतर काय दिसणार ते काढायचं, प्रश्न ठरवायचे, मग शूटिंग, मग टॅब्लेटवर एडिटिंग. एका मिनिटाच्या वर जायचं नाही आणि शेवटी तो पालकांना दाखवायचा. तुमच्या चौघांच्या गटाने बसचे ड्रायव्हरकाका निवडले. चौकोन झकास काढले होते, ते मी नाकारत नाही.

काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मला तिथे अडकवून घेतलं. तुमच्यातली जी स्वतःला डायरेक्टर म्हणवते, तिने विचारलं, "काका, बस चालवताना तुम्ही मोबाईल बघता का?"

"बघतो की!" काका हसले. "बस बाजूला घेतो, बंद करतो, चावी खिशात टाकतो, मग बघतो. मागे तुम्ही पोरं बसलेली असता ना गं!"

माझी वायर तुम्ही टॅब्लेटमध्येच विसरलात, त्यामुळे एडिटिंगही मला ऐकावं लागलं.

"मिनिटाच्या वर जातंय," एकजण म्हणाला.

"मग 'बघतो की'वरच कट मार. जाम हसतील सगळे!" डायरेक्टर म्हणाली.

तुम्ही पोट धरधरून हसलात. मग टॅब्लेटमध्ये जागा नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंगही उडवलंत.

दाखवायच्या दिवशी मी टॅब्लेटला लटकतच शाळेच्या हॉलमध्ये पोहोचलो. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, सोबत बायको होती. पडद्यावर ते "बघतो की!" म्हणाले आणि वर्ग खिदळला. पालक मात्र हसले नाहीत. एक आई ताडकन उठली. "माझी मुलगी रोज या माणसाच्या बसमधून येते!"

मग आवाज चढतच गेले. काका गोंधळून म्हणत होते, "अहो, मी पुढे बोललोय. पुढचं कुठे गेलं?"

सरांनी मूळ रेकॉर्डिंग मागितलं. "डिलीट केलं, सर," डायरेक्टर पुटपुटली.

काका तुमच्याकडे वळले. "पोरांनो, तुम्ही होतात ना समोर? मग सांगा की."

तुम्ही बुटांकडे बघत बसलात. सर ओरडतील, मार्क जातील, एवढीच भीती तुम्हाला. मोठ्या बाईंनी चौकशी होईपर्यंत काकांना घरी बसवलं. त्यांची बायको त्यांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन गेली, तेव्हा तुमच्यातला एकही उठला नाही. लाज नाही वाटली?

माझ्यात काही साठत नाही, मित्रांनो. ऐकलेलं मी वायरीतून पुढे ढकलतो आणि रिकामा होतो. काकांचं ते वाक्य आता फक्त तुमच्या चौघांजवळ आहे. मला तोंड असतं तर त्या हॉलमध्ये मी बोंब ठोकली असती. तुम्हाला तोंड होतं.

मला जपा, नीट ठेवा, असली विनवणी मी करणार नाही. खुशाल सडू द्या मला. चौकशी उद्या सकाळी आहे. मोठ्या बाईंची खोली जिन्याला लागूनच आहे. चौघंही जा, आणि ते वाक्य शेवटपर्यंत म्हणून दाखवा.