बँकेची हद्द

गृहकर्जाचा हप्ता भरला की आमचे हे फरशीवरची खडूची रेघ पुढं सरकवायचे. रेघेअलीकडचं घर आपलं, पलीकडचं बँकेचं. आपल्या घरात भांडायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. म्हणून चौदा वर्षं आम्ही नवरा-बायको बँकेच्या हद्दीत जाऊन कडाकडा भांडलो. शेवटी शेवटी तर बाल्कनीत, कुंड्यांमध्ये अंग चोरून.

आज शेवटचा हप्ता गेला. ह्यांनी रेघच पुसली. आम्ही तिघं वेड्यासारखे नाचलो, सासूबाई गुडघे विसरून. त्या नादात ह्यांनी माझी लाडकी कुंडी फोडली. मी तोंड उघडलं आणि थबकले. भांडायला जागाच उरली नव्हती!

सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "दम धर सूनबाई! समोरचा फ्लॅट विकायचाय. काढा कर्ज!"