समुद्राने आत्याला दिलेला देव

रत्नप्रभाआत्या दर नारळी पौर्णिमेला वर्सोव्याला जाऊन समुद्राला नारळ देत असे. पंच्याऐंशी साली समुद्राने तिला उलट काहीतरी दिलं.

"नारळ लाटेत सोडला, आणि तीच लाट फिरून येताना हे पायाशी ठेवून गेली," ती दारातूनच सांगू लागली. "इतकी वर्षं देतेय, पहिल्यांदा त्याने दखल घेतली."

तिने पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. हातावर बोटभर लांबीचा शंख होता. एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळता, पिवळसर तपकिरी. अंगभर लहानमोठे पांढरे त्रिकोण एकावर एक चढलेले.

"ही बघ गो, देवळांची शिखरं. कुणी कोरली असतील?"

माझं प्राणिशास्त्रातलं बी.एस्सी. नुकतंच झालं होतं. असाच एक शंख आमच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात होता आणि त्याखालच्या चिठ्ठीवर लाल शाईने 'विषारी' असं लिहिलं होतं. अर्थात कपाटातला रिकामा होता. आत्याचाही तसाच असेल असं समजून मी गप्प बसले. आत्याने तो नळाखाली विसळला, देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ताम्हणात ठेवला आणि दिवेलागणीला त्याला पंचामृताचं स्नान घालायचं जाहीर केलं.

थोड्या वेळाने मी पाहिलं, तर शंखाच्या निमुळत्या टोकातून एक नळी बाहेर आली होती. पांढरी, मध्ये काळा पट्टा, टोक लालसर. ती हवेत डावीकडे वळली, मग उजवीकडे.

आत्या देवांना स्नान घालते म्हणजे वरून पाणी ओतत नाही. अंगठ्याने चोळते, एकही खाच सोडत नाही. बाळकृष्णाचं नाक तिने असंच झिजवलंय. तो अंगठा मला त्या नळीजवळ जाताना दिसू लागला.

"आत्या, तो जिवंत आहे," मी म्हणाले.

आत्या आली, वाकली, नळी पाहिली आणि तिने हात जोडले.

"जागृत आसा," ती म्हणाली.

"जागृत नाही. जिवंत. ती समुद्रातली गोगलगाय आहे."

"दोन्ही एकच. शेवंतीक बोलव."

बोलवावं लागलं नाही. शेजारच्या शेवंतीकाकू भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. त्या हळदकुंकवाची कोयरी घेऊनच आल्या आणि शंखाला कुंकू लावायला त्यांनी बोट पुढे केलं. मी त्यांचं मनगट धरलं.

"काकू, विषारी आहे. त्याच्या सोंडेत पोकळ दात असतो, भाल्यासारखा. तो दात मारून विष सोडतो. या जातीतल्या काहींच्या दंशाने माणसं मेलीत, आणि त्यावर उतारा नाही."

हे मी अगदी सावकाश, तोंडी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं.

"विष आसा," आत्या हळूच म्हणाली, "आणि मी पदरात बांधून, पोटाशी धरून आणलं. तरी काही केलं नाही."

"तो आत मिटून बसला होता म्हणून."

"ओळखलं त्याने. शेवंती, हो नागाचोच भाऊबंद."

"मग वाटीभर दूध आणते," काकू म्हणाल्या. "आत्ताच नागपंचमी झालीय, तेव्हाचं त्याला पोचलंही नसेल."

जिवंत म्हटल्यावर तो जागृत झाला, विषारी म्हटल्यावर नाग झाला. आणखी एखादी शास्त्रीय माहिती दिली असती तर आमच्या खोलीत जत्रा भरली असती. बाहेर जिन्यावर चपला वाजायला लागल्याच होत्या.

एवढ्यात नाना, म्हणजे माझे वडील, कामावरून आले. त्यांनी देव्हाऱ्यासमोरची गर्दी पाहिली, दुधाची वाटी पाहिली आणि मला विचारलं, "काय झालं?"

"आत्या आता एका विषारी प्राण्याला हाताने आंघोळ घालणार आहे."

"ताई, पोरगी शिकलेली आहे. ऐक जरा तिचं."

"दशरथा, माका शिकवू नको. नागाची पूजा तूही करतोस ना?"

"चित्राची करतो."

"भित्रा आहेस म्हणून."

नाना खुर्चीत बसले आणि पायमोजे काढू लागले. आपलं काम झालं असं त्यांना वाटलं असावं. आत्याने दूध, दही, तूप, मध, साखर वाटीत एकत्र केली आणि पाटावर बसली. तिने पदर खोचला. मी ताम्हण ओढून घेणार होते, पण तसं केलं तर ती शंखच आधी उचलेल, याची मला खात्री होती.

"दूध पितो का गं हा?" शेवंतीकाकूंनी विचारलं. "की नुसतं दाखवायचं?"

"दूध नाही पीत," मी वैतागून म्हणाले. "तो दुसऱ्या गोगलगायी खातो."

आत्याचा हात थांबला.

"खातो म्हणजे?"

"दात मारतो, सुन्न करतो आणि गिळतो. ही जात बाकीच्या शंखांतल्या गोगलगायींवरच जगते."

"भाऊबंदांना खातो?" खुर्चीतून नाना म्हणाले. "मग समुद्रातला नव्हे, आपल्याच गावचा आहे."

आत्याने वाटी खाली ठेवली.

"म्हणजे मांसाहारी."

"पूर्णपणे."

"श्रावणात?"

"बारा महिने, आत्या."

तिने बाळकृष्णाकडे पाहिलं, ताम्हणाकडे पाहिलं, मग दोघांमधलं अंतर पाहिलं आणि बाळकृष्णाला उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

"अगं, पण गावच्या राखणदाराला आपण कोंबडा देतोच की," नाना म्हणाले.

"राखणदार वेशीवर बसतो. देव्हाऱ्यात कोंबडं मागत नाही," आत्या म्हणाली. "दशरथा, रिक्षा बघ. ज्याचा आहे त्याला परत देऊन येऊ."

ताम्हण तिरपं करून मी शंख ॲल्युमिनियमच्या डब्यात घेतला, वर ओलं फडकं टाकलं आणि झाकण लावलं. डबा आत्यानेच मांडीवर घेतला. देव असो नसो, पाहुणा होता. वर्सोव्यापर्यंत ती रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याबद्दल बोलत राहिली. किनाऱ्यावर अजून नारळवाल्यांची गर्दी होती, म्हणून आम्ही खडकांच्या बाजूला गेलो. घोटाभर पाण्यात उभं राहून आत्याने डबा उलटा केला.

काही पडलं नाही. शंख डब्याच्या बुडाला चिकटून बसला होता.

"उतर मेल्या, घर इला तुझा," आत्या म्हणाली, आणि सवयीने तिचा अंगठा डब्यात शिरला.

"आत्या."

मी ओरडले नव्हते, तरी तिने हात मागे घेतला. आम्ही डबा पाण्यात आडवा धरला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ती नळी बाहेर आली, मग खालचा पसरट पाय हलला. गोगलगाय आपल्या गतीने निघाली, डब्याच्या काठावरून खडकावर उतरली आणि एका खाचेत दिसेनाशी झाली. आत्याने पाण्यात हात बुडवून ओली बोटं दोन्ही डोळ्यांना लावली.

परत जाताना रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "हे सगळं तू कॉलेजात शिकलीस?"

"हो."

"मग आधी तो काय खातो ते सांगायचं ना. विष विष काय करत बसलीस?"